साडेअकराची खाच

एक

तुम्ही माझ्या दाजींना मारलंत, आणि वर ताईला पत्र पाठवलंत की ते पाय घसरून पडले.

'तुम्ही' म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. नदीच्या खोऱ्याचा नकाशा ज्यांच्या भिंतीवर टांगलाय, त्यावर निळ्या शाईने ज्यांनी तीन जलाशय आणि बासष्ट किलोमीटरचा कालवा आखला, ते तुम्ही, अख्खी कचेरी. मी पंप दुरुस्त करतो. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते पंपांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांतून आणि रद्दीतून. म्हणून इथे 'उपरोक्त' आणि 'सदरहू' सापडणार नाहीत. झालं ते क्रमाने लिहितो. खोडून दाखवा.

पहिला जलाशय यंदा पहिल्यांदाच भरला. दाजी त्या धरणावर पाझर मोजायचे. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यात भिण्यासारखं काही नाही. तो पाझर गोळा होऊन भिंतीच्या पायथ्याशी जमिनीत बांधलेल्या एका खोलीत येतो. तिथे पाण्याला आडवा पोलादी पत्रा आहे, त्याला वरून त्रिकोणी काप. त्या त्रिकोणातून पाणी पडतं आणि पुढे नळाने कालव्यात जातं. त्रिकोणात पाणी किती उंच आलं ते पट्टीवर वाचायचं, की पाझर किती ते कळतं. दाजी रोज सकाळी आठला तिथे उतरायचे. आकडा वहीत लिहायचे आणि बाटलीभर पाणी घेऊन ते निवळत ठेवायचे. वस्तीत त्यांना सगळे थेंबमास्तर म्हणत.

"बाटलीत काय बघता एवढं?" मी एकदा चेष्टेत विचारलं होतं. "औषध आहे का?"

"पाणी नितळ असलं तर धरणाला घाम येतोय," ते म्हणाले. "तळाशी माती बसली, तर धरणाला आतून उंदीर लागलाय. उंदीर लागलेलं धरण दुखतंय म्हणून सांगत नाही, मेहुणे. एकदम बसतं."

त्या मंगळवारी साडेनऊला ते खोलीत मेलेले सापडले. ठेकेदाराच्या मुकादमाने पाहिलं. गुडघाभर पाणी, कपाळाला खोक, एका पायात चप्पल. तुमचं पत्र दोन दिवसांत आलं: 'पाय घसरून डोक्यास मार, उथळ पाण्यात गुदमरून मृत्यू.'

ताई रडली नाही. तिने पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "दुसरी चप्पल कुठाय?"

"वाहून गेली असेल."

"गुडघाभर पाण्यात?"

ताईचं घर भिंतीपासून तीनशे पावलांवर आहे. अंगणात उभं राहिलं की धरण आभाळासारखं समोर येतं, फक्त ते मातीचं आहे. तिच्या दोन मुली तिथे झोपतात. वस्तीत एकशे चाळीस घरं आहेत.

मी पत्र खिशात घालून दुकानात आलो. शेजारी ट्रेसरबाई राहतात. तुमच्याच कचेरीत तीस वर्षं त्यांनी नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून रेघा उतरवल्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"खोलीचा दरवाजा उघडा होता की बंद?"

"बंद. मुकादमाने ढकलून उघडला. का हो बाई?"

त्यांनी पत्र घडी करून मला परत दिलं.

"कारण तो दरवाजा नकाशावर मी काढलाय."

दोन

खोलीला अकरा पायऱ्या उतरून जावं लागतं. वर ऊन होतं. पाचव्या पायरीपासून गारठा सुरू झाला आणि शेवटच्या पायरीवर स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. मुकादम किल्ली घेऊन पुढे होता. चांगला आडदांड माणूस, पण दारापाशी थांबला.

"तुम्ही बघा. मी इथेच आहे."

"का, भूत दिसतं का?" बाई म्हणाल्या.

"बाई, त्या दिवशीपासून मला जेवण जात नाही. चेष्टा नका करू."

लोखंडी दरवाजा आत ढकलावा लागतो. बाईंनी तो तीनदा उघडला, तीनदा मिटला.

आत फळीवर तीस बाटल्या ओळीने उभ्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, शाई अजिबात न फुटलेली. सगळ्या नितळ. शेजारी वही. बाईंनी पानं चाळली. पान कुरकुरीत वाजत होतं.

"अक्षर त्यांचंच ना?"

"हुबेहूब."

"हुबेहूब अक्षर तर मीही काढते. आकडे बघ. सात पूर्णांक दोन. सात पूर्णांक तीन. परत सात पूर्णांक तीन. महिनाभर हेच."

मी पट्टीकडे वाकलो. पट्टी लाकडाची होती. पटाशीने पाडलेल्या खाचा, प्रत्येक अर्ध्या सेंटिमीटरला एक. मध्ये काही नाही.

"मूळची पोलादी होती," दारातून मुकादम म्हणाला. "गेल्या वर्षी गंजून तुटली. मास्तरांनी कचेरीत चार अर्ज केले, कुणी दिली नाही. मग माझ्या सुताराकडून ही करून घेतली. मीच ठोकून दिली. मास्तर म्हणाले, अर्धा सेंटिमीटर कळलं तरी बास."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काही कळलं नव्हतं. मी पाण्याकडे बघत होतो. पाणी साडेसातच्या खाचेवर नव्हतं. ते साडेअकराच्या खाचेवर होतं. आणि त्याचा रंग दुधाच्या चहासारखा होता.

"पावसाचं मिसळलंय," मुकादम घाईने म्हणाला.

"नऊ दिवसांत पावसाचा थेंब नाही," मी म्हणालो. "तुझी टोपी बघ, किती वाळलीय."

तो खाली बघायला लागला. बाई मात्र वर बघत होत्या. छताला लागून हवेसाठी एक झरोका आहे, हातभर रुंद, लोखंडी गजांचा. माझा हात पुरत नव्हता. मी पत्र्याच्या कट्ट्यावर चढलो, गज धरला, चाचपलं. गजांमध्ये काहीतरी अडकलं होतं.

मी ते ओढून काढलं. दाजींची दुसरी चप्पल होती.

तीन

गुडघाभर पाण्यात मेलेल्या माणसाची चप्पल छताला कशी जाते? बाईंनी मला पायऱ्यांवर बसवून सांगितलं.

"खोलीचा नळ कुठे सुटतो? कालव्यात. कालव्याची झडप एकदम उघडली, तर कालवा भरतो आणि पाणी नळातून उलटं इथे येतं. पायऱ्या कोरड्या राहतात, खोली भरत जाते. दरवाजा उघडायचा तर आत ओढायला हवा. आणि आतून पाणी त्यालाच रेटून धरतं. कमरेएवढं पाणी आलं की दहा माणसांनाही तो दरवाजा ओढवत नाही." त्या थांबल्या. "झडप मिटली की पाणी परत उतरतं. गुडघाभर उरतं."

"म्हणजे ते झरोक्याला धरून..."

"हो."

"तुम्ही असा दरवाजा काढलात कसा?"

"मला दिला तसा उतरवला. बाहेर उघडला तर पायरीला अडतो म्हणून आत घेतलेला. दरवाजा फिरतो ती पाव वर्तुळाची रेघ मला आठवते. तेव्हा मला वाटलं होतं, किती छान आलीय." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "चल. आता विचारायला जाऊ."

झडपेचं चाक फिरवणाऱ्याला सगळे चाकवाला म्हणतात. भिंतीवर त्याची पत्र्याची खोली, आत एक फोन, एक खाट, भोंग्याचं बटण. नियम असा की झडप उघडण्याआधी तीन वेळा भोंगा द्यायचा, म्हणजे कालव्यात उतरलेलं माणूस बाहेर येतं.

"मंगळवारी झडप उघडलीच नाही," तो म्हणाला. आम्ही अजून काही विचारलंही नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या. "भोंगा दिला होतास का?"

"दिला ना. तीनदा."

"उघडलीच नाही तर भोंगा कशाला दिलास रे बाबा?"

तो खाटेवर बसला. घाम पुसत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "बाई, माझी नोकरी पक्की नाही. मला काही विचारू नका. मी मास्तरांबरोबर रोज चहा प्यायचो हो."

उतरताना मी म्हणालो, "हाच. किंवा तो मुकादम. दोघांपैकी एक. मुकादमाकडे किल्ली आहे. धरणाच्या पोटातली वाळूची गाळणी त्यानेच घातलीय. ती नीट घातली नाही म्हणूनच माती वाहतेय. दाजींनी तोंड उघडलं असतं तर तो आत गेला असता."

"पंपात पाणी चढत नाही म्हणून तू लगेच मोटार बदलतोस का?"

"नाही. आधी सगळ्या झडपा बघतो."

"मग एक माणूस बघायचा राहिलाय."

चार

धरण आणि कालवा आखणारे ते आखणीसाहेब; त्यांची कचेरीतली खोली थंड आणि स्वच्छ होती. भिंतीवर खोऱ्याचा नकाशा, कालव्याच्या निळ्या रेघेवर टाचण्या. साहेबांनी खुर्च्या दिल्या, स्वतः उठून पाणी दिलं. बाईंना 'मॅडम' म्हणाले. मी इतका नम्र माणूस पाहिला नाही, आणि मला तिथे बसायची इतकी भीती कधी वाटली नाही.

"फार प्रामाणिक माणूस," साहेब म्हणाले. "तीस दिवस एक नोंद चुकली नाही. पाझर सेकंदाला दोन लिटर, कधी एकोणीसशे मिली, कधी एकवीसशे. धरण एकदम ठणठणीत आहे. पुढल्या सोमवारी कालव्यात पाणी सोडायचा कार्यक्रम आहे. शेतकरी वाट बघतायत, मॅडम. चाळीस गावं."

"तुम्ही त्या खोलीत जाता का हो कधी?"

"दर आठवड्याला. वहीत माझ्या सह्या आहेत ना."

"दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो?"

"आत," साहेब एका क्षणात म्हणाले. "पायरीला अडतो म्हणून."

"आणि पट्टी?"

"पोलादी, मिलिमीटरची. तीस सेंटिमीटर लांब." ते हसले. "मीच तर आखलीय सगळी खोली. डोळे मिटून सांगेन."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच सांगितलंत."

बाहेर आलो तेव्हा त्या भराभर चालायला लागल्या. मी मागे धावत होतो.

"तुझ्या ताईला विचार. दाजी घरी बाटल्या आणायचे का?"

"कशाला?"

"फळीवरच्या बाटल्यांना कागद होते. खोली छतापर्यंत बुडाली आणि चिठ्ठीची शाई फुटली नाही? त्या नंतर ठेवल्यात. ती वहीही. मग त्यांच्या खऱ्या बाटल्या कुठायत?"

पाच

ताई आम्हाला बघून उठली नाही. मुलींची वेणी घालत होती.

"बाटल्या? आणायचे की. रोज एक जास्तीची. मी म्हणायचे, घर आहे का भंगारचं दुकान? तर म्हणायचे, राणी, हलवू नकोस, माती बसू दे." तिने पलंगाखाली बोट दाखवलं. "मला वाटलं, रिकामं खूळ आहे. गेल्यापासून हात लावला नाही."

मी चादर वर केली.

एकोणतीस बाटल्या. कागद एकीलाही नाही. गळ्याला दोरा, दोऱ्याला गाठी. दाजींचे हात सदा ओले, त्यांना शाई चालायची नाही. गाठी मोजल्या की तारीख: लाल दोऱ्याची गाठ दहाची, पांढऱ्याची एकाची. मी खिडकीत एकेक मांडत गेलो. पहिल्या पाच नितळ. सहाव्या तारखेला तळाशी धुळीएवढा थर. बाराव्याला नखाएवढा. विसाव्याला बोटभर. शेवटची सोमवारची, दोन बोटं. बाटल्यांची ओळ म्हणजे जिन्याची रेघ होती, आणि ती चढत होती.

थोरल्या भाचीने विचारलं, "मामा, ही माती कुठली?"

मी खिडकीतून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं. मुलीला उत्तर कळलं. ती आईला बिलगली.

"सोमवारी संध्याकाळी ते साहेबांकडे गेले होते," ताई हळूच म्हणाली. "आल्यावर म्हणाले, साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. उद्या आठ वाजता मुद्दाम नीट मोज, म्हणाले. मी येतो बघायला."

सहा

शनिवारी तुमच्या समितीपुढे बाई उभ्या राहिल्या. तुम्ही पाच जण होतात, तुम्हाला आठवत असेल. मुकादम आणि चाकवाला दाराशी. आखणीसाहेब खिडकीपाशी. बाईंनी टेबलावर चार वस्तू ठेवल्या: चप्पल, दोन बोटं मातीची बाटली, वही, आणि लाकडी पट्टी. पट्टी मी त्या सकाळी काढून आणली होती.

"या पट्टीवर सात पूर्णांक तीन कुणी वाचून दाखवावं," बाई म्हणाल्या.

तुमच्यातल्या एकाने पट्टी उचलली, फिरवली आणि खाली ठेवली.

"वाचता येत नाही. सात आहे, साडेसात आहे. ज्याने ही वही लिहिली त्याने पट्टी पाहिलीच नव्हती. त्याने उलटं गणित केलं. आधी ठरवलं की पाझर दोन लिटर दाखवायचा, मग सूत्राने उंची काढली. ती सात पूर्णांक तीन आली, ती लिहून टाकली. मोजणारा उंचीवरून पाझर काढतो. पाझरावरून उंची फक्त आखणारा काढतो."

"हे फार ओढूनताणून होतंय," साहेब म्हणाले.

"मुकादमाने ही पट्टी स्वतः ठोकलीय. तो वही रचता तर साडेसात लिहिता. आणि चाकवाल्याला सूत्र येत नाही."

"मला नावही लिहायला वेळ लागतो," चाकवाला दारातून म्हणाला.

"आता दुसरं. झडप उघडली की त्या खोलीतला माणूस मरतो, हे कुणाला माहीत होतं? चाकवाला खोलीत कधी उतरला नाही. मुकादम उतरलाय, पण नळाचं तोंड कालव्यात किती खाली आहे ते मातीखाली गेलंय. हे फक्त नकाशावर दिसतं. नकाशा मला पाठ आहे, कारण मी तो उतरवला. आणि ज्यांनी तो आखला त्यांना." त्या साहेबांकडे वळल्या. "मला असा माणूस हवा होता ज्याला कागद तोंडपाठ आहे, पण जो त्या अकरा पायऱ्या वर्षभरात एकदाही उतरला नाही. दरवाजा तुम्ही बरोबर सांगितलात. पट्टी चुकीची सांगितलीत. आणि सह्या दर आठवड्याच्या आहेत."

मग चाकवाला पुढे आला. त्याने तुमच्याकडे बघितलं नाही, टेबलावरच्या चपलेकडे बघितलं.

"आठ वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाले, चाचणी आहे. भोंगा देऊ नको, लोक उगाच घाबरतात. किती वेढे, विचारलं. चाचणीला पाच वेढे पुरतात, साहेब. पाच. ते म्हणाले, चाळीस." त्याने दोन्ही पंजे चोळले. "मी मोजून चाळीस दिले. वीस मिनिटांनी मिटायला सांगितलं. तोवर मला वाटत होतं, कालव्यात कुणी नाही, मग काय बिघडतं?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. ओरडले नाहीत, नाकारलं नाही. एवढंच म्हणाले, "जलाशय रिकामा केला तर पुढचे दोन कुणी बांधू देईल का? पंचवीस वर्षं आखतोय मी हे खोरं. एका बाटलीपायी?"

सात

रहस्य इथे संपतं. पुस्तकात असतं तर साहेबांना बेड्या पडल्या असत्या आणि वाचणाऱ्याने दिवा मालवला असता.

तुम्ही काय केलंत? साहेबांना 'प्रकृतीच्या कारणास्तव' रजा दिलीत. चाकवाल्याला काढलंत. बाटली, वही, चप्पल आणि पट्टी सीलबंद करून कपाटात ठेवलीत आणि 'अहवाल विचाराधीन' असं उत्तर दिलंत. सोमवारचा कार्यक्रम पुढे ढकललात, पण झडप बंदच ठेवलीत, जलाशय रिकामा केला नाहीत, कारण भरलेला जलाशय पाहुण्यांना दाखवायला बरा दिसतो. खुनी सापडला. उंदीर अजून आत आहे.

मी तेव्हापासून रोज आठ वाजता त्या अकरा पायऱ्या उतरतो. दरवाजा बिजागऱ्यांवरून उतरवून वर आणून ठेवलाय. तुमच्या मालमत्तेची नासधूस केली म्हणून खुशाल खटला भरा. नवी पट्टी मुकादमाने करून दिली, पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरची. तोही आता माझ्याबरोबर उतरतो. एके दिवशी त्याने स्वतःहून सांगितलं, "गाळणीची वाळू कमी पडली होती. साहेब म्हणाले, चालेल. त्या बाटल्या आणि ती वहीही मास्तर गेल्यावर साहेबांनी पाठवली, मी नुसती फळीवर ठेवली." बाटली भरली आणि वर आलो.

वस्तीला बाई घरोघर जाऊन सांगतायत. चोवीस घरं हलली. बाकीचे म्हणतात, जायचं कुठे? ताई म्हणते, "मी हलेन. पण आधी कचेरीला सांगू दे, की ते घसरले नव्हते." मुलींना मी माझ्या दुकानात आणलंय. धाकटी अजून झोपेत पाण्याचा आवाज ऐकते. पंपाच्या दुकानात पाण्याचा आवाज असतोच, असं मी तिला सांगतो.

आज सकाळी पाणी साडेतेराच्या खाचेवर होतं. बाटली माझ्या खिडकीत निवळतेय. हे लिहिता लिहिता तिच्या तळाशी तीन बोटं माती बसली. ती तुमच्या धरणातून आलीय, म्हणजे तिथे आता तीन बोटांची पोकळी आहे, आणि कालची, आणि परवाची.

मला नुकसानभरपाईचं पत्र नको. समिती नको. मला एकच उत्तर हवं आहे, आणि ते एका ओळीत बसतं:

झडप तुमच्या हातात आहे. भोंगा द्या, सगळ्यांना कालव्यातून बाहेर काढा, आणि सांगा. पाणी कधी सोडताय?